पियानोचा रॅम्प

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉरिंगल गावच्या नाट्यगृहाच्या दारावर पितळी पाटी आहे: ‘सर्वांसाठी खुले’. तिच्याखाली माझा फोटो. व्हीलचेअरमध्ये बसून मी दात काढून हसतेय. तो काढला तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्याला परत नाटकात घेतील. मूर्खच मी!

पाटी अगदीच खोटी नाही म्हणा. दाराशी उतार आहे, संडास ऐसपैस आहे, शेवटच्या रांगेत चाकाच्या खुर्च्यांसाठी दोन जागा आहेत. स्टेजवर जायला मात्र सात पायऱ्या. आमच्यासारखी माणसं नाटक बघायला येतील एवढं या शहाण्यांना सुचलं. करायला येतील, हे काही कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही.

ट्रॅक्टर माझ्या अंगावर उलटला त्याला एकवीस वर्षं झाली. त्याआधी याच स्टेजवर मी नऊ नाटकं केली होती. यंदाच्या नाटकातली आई पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत व्हीलचेअरमध्ये असते. ही भूमिका माझी नाही तर कुणाची? तिचे सगळे संवाद मी गोठ्यात गाईंना म्हणून दाखवून पाठ केले.

नाट्यगृहाच्या समितीची अध्यक्ष ग्लेनिस पॉकॉक. गोड बोलून गळा कापणारी बाई. म्हणाली, “अगं नोरीन, तू तर सोनं करशील भूमिकेचं! पण पायऱ्यांचं काय? रॅम्प बांधायचा म्हणजे नगरपालिका आली, इंजिनियर आला, विमा आला. दीड वर्ष तरी गेलंच.”

“मग तुमचा पियानो कसा चढतो वर?” मी विचारलं. दर सप्टेंबरला मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा असतात, तेव्हा स्टेजखालून ॲल्युमिनियमचा लांबलचक रॅम्प निघतो. मी काय कालची आलेय?

“तो फक्त पियानोसाठी आहे. कायद्याच्या मानाने फार उभा आहे. आणि पियानो पडला तर कोर्टात जात नाही, नोरीन.”

असं म्हणाली. तोंडावर. आणि आईची भूमिका घेतली कुणी? ग्लेनिसने! पुढच्याच आठवड्यात तिचा फोन. “तुझी जुनी खुर्ची पडून असेल ना गं? देतेस का? आणि शनिवारी तालमीला ये. काही चुकलं तर सांग.”

दिली खुर्ची. चांगुलपणा वगैरे काही नाही. बाई काय दिवे लावते ते मला बघायचं होतं.

शनिवारी दुपारी मी शेवटच्या रांगेत, माझ्या राखीव जागी. मेलबर्नहून आणलेला दिग्दर्शक फिन्टन पहिल्या रांगेत. आमचं स्टेज जुन्या पद्धतीचं, प्रेक्षकांकडे उतरतं. त्या उतारावर ग्लेनिस खुर्चीत बसली होती, डोळ्यांत पाणीबिणी आणून. आणि दोन्ही पायांचे अंगठे जमिनीत रुतवून तिने खुर्ची थोपवून धरली होती.

“अंगठे!” मी ओरडले. “आईचे पाय गेलेत ना? मग अंगठ्यात एवढा जोर कुठून आला?”

“ब्रेक लाव, ग्लेनिस,” फिन्टन म्हणाला.

“ब्रेक लावला तर मी मुलाकडे वळणार कशी?”

“हाताने!” मी म्हणाले. “एका चाकावर हात दाबून धरायचा, दुसरं फिरवायचं.”

ग्लेनिसने पाय उचलले मात्र, खुर्ची निघाली खाली. बाई किंचाळली आणि टुणकन उडी मारून उभी राहिली. खुर्ची गेली थेट खाली, पहिल्या रांगेपाशी. मी एवढी हसले की बरगड्या दुखायला लागल्या.

फिन्टनने कपाळाला हात लावला. “नोरीन, तुम्ही एकदा करून दाखवता का?”

“दाखवते की. न्या मला वर.”

फिन्टन ग्लेनिसकडे बघतोय, ग्लेनिस पडद्याकडे. चाळीस वर्षं पडदा ओढणारा म्हातारा क्लेम विंगेतून म्हणाला, “पियानोचा रॅम्प आहे ना खाली.”

प्रयोग बारा दिवसांवर आला होता. ग्लेनिसचा चेहरा आंबट झाला. “बरं. एकदाच काढा. एकदाच हं! आणि काम झालं की लगेच आत. नियम आहे तो.”

नियम तिनेच केलेला. कुणीतरी एकदा अडखळलं म्हणून स्टेजच्या कडेला तिच्याच अक्षरात लावलाय: वापर होताच रॅम्प आत ठेवावा, अध्यक्षांच्या परवानगीशिवाय काढू नये.

रॅम्प लावायला सात मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलं. दीड वर्ष म्हणे!

“कुठे धरू?” क्लेमने विचारलं. एकवीस वर्षांत हा प्रश्न मला या इमारतीत कुणी विचारला नव्हता. मी दाखवलं. त्याने आणि फिन्टनने मागून जोर लावला, मी चाकं ओढली, आणि वर आले. दिवे डोळ्यांवर आले, ते मी मान वर करून बघून घेतले.

मग मी केला पहिला प्रवेश. एका हाताने चाक दाबून वळले, मुलाला म्हटलं जे म्हणायचं होतं ते, आणि कागद न बघता पुढचाही प्रवेश म्हटला. संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फिन्टन तोंड उघडं टाकून बघत होता. मला ठाऊक होतं, ही आई माझी आहे, आणि त्यालाही ते कळलंय.

ग्लेनिसलाही कळलं. ती लगबगीने पुढे आली. “वा, वा! बघितलं हं मी नीट. क्लेम, आता हिला खाली घे. मला करून बघू दे.”

“कसं घेऊ?” क्लेम हात पुसत म्हणाला. “रॅम्प आत ठेवला.”

“काय?”

“काम झालं की लगेच आत. तुमचाच नियम. आणि काढायचा एकदाच, असंही तुम्हीच म्हणालात.”

“अरे, मी परवानगी देतेय ना आता!”

“लेखी द्या, बाईसाहेब. पडली तर ही कोर्टात जाईल.”

ग्लेनिस माझ्याकडे वळली आणि माझ्या खुर्चीच्या मुठीला हात घालायला लागली. “हात काढ,” मी म्हणाले. तिने काढला.

मग मी डावा ब्रेक लावला. मग उजवा. “फिन्टन,” मी म्हणाले, “तिसरा प्रवेश घ्यायचा ना?”

त्याने एकदा ग्लेनिसकडे बघितलं. मग हातातल्या कागदाचं पान उलटलं.