कमी न होणारी टाकी

सकाळी आठला रांग लागायची ती हॉलच्या दारापासून जिन्यावरून खाली, फुटपाथवर, पार औषधाच्या दुकानापर्यंत. दुकानदार बिचारा माश्या मारत बसलेला, कारण रांगेतल्या कुणालाच आता औषध नको होतं. हॉलच्या मधोमध सहा फुटी काचेची टाकी. आत मासा नाही की शेवाळ नाही, नुसतं नितळ पाणी. बाबांची माणसं त्यातून तांब्यामागून तांब्या उपसत होती आणि पाण्याची रेघ जागची हलत नव्हती.

"डोळे भरून बघा," बाबा माइकवर सांगायचे. "घेऊन घेऊन जे घटत नाही, ते पोटात गेल्यावर तुमचं आयुष्य घटेल कसं? गोळ्या सोडा, सुया सोडा. संशय तर आधी सोडा, या पाण्याला तो सोसत नाही." मोठं सोयीचं पाणी. गुण आला तर पाण्याचा, नाही आला तर खोट तुमच्या मनात.

त्या दिवशी पुढच्या खुर्चीत ताई बसली होती आणि तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ उभा होता. लहानपणापासून हातात नळीचा तुकडा असायचा म्हणून सगळे त्याला नळ्या म्हणायचे. आता लोकांच्या घरी माशांच्या टाक्या बसवणं हाच त्याचा धंदा. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलेलं. तिला साखरेचा आजार, दिवसाला दोन सुया. गेला दीड महिना तिने एकही टोचून घेतली नव्हती. पायाचा अंगठा काळा पडला होता आणि ती म्हणत होती, "विष बाहेर पडतंय रे."

पाणी कुठलं, ते तिने काल पहिल्यांदा सांगितलं. पत्ता ऐकताच नळ्याने तो ओळखला. ती टाकी त्याने स्वतः बसवली होती, चार महिन्यांपूर्वी. मासे नंतर आणू, म्हणालं होतं गिऱ्हाईक, फक्त आवाज अजिबात नको. रात्रभर त्याने ताईला समजावलं. ती ऐकून घेत होती आणि 'नाही रे' म्हणत मान हलवत होती. शेवटी त्याने हात टेकले आणि ठरवलं, आता सगळ्यांदेखतच दाखवायचं.

तो गुपचूप मागच्या मोरीत गेला, भिंतीतला पाण्याचा एक कॉक बंद करून आला आणि परत खुर्चीमागे उभा राहिला. साठ-सत्तर तांबे गेले असतील. टाकीखालून घरघर ऐकू आली आणि वरच्या पाण्यात भसाभस बुडबुडे उठले.

बाबा क्षणभर चपापले, पण माणूस मुरलेला. "पाण्याला कंठ फुटला," ते म्हणाले. माणसं जमिनीवर लोटांगण घालू लागली.

नळ्याने पुढे होऊन टाकीखालचा पडदा ओढला आणि कपाटाचं दार उघडलं. आत दुसरी टाकी होती, जवळजवळ कोरडी, आणि तळाशी एक पंप हवा ओढत रडत होता.

"हे बघा," तो म्हणाला. "वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा आहे. पाणी त्याच्या काठावर आलं की आत सांडतं आणि पाइपाने खाली येतं. पंप ते परत वर टाकतो. म्हणून वरची रेघ कायम काठाशी. तुम्ही वरून तांब्या काढता, पण कमी होतं ते खालचं. आणि खालचं भरतं नळातून, फ्लशच्या टाकीत असतो तसल्या फ्लोटने. तो नळ मी आत्ता बंद केलाय. तुम्ही पिताय ते तुमच्या घरी येतं तेच पाणी."

बाबांनी अगदी मायेने विचारलं, "एवढं बारीक ठाऊक आहे तुला. बांधली कुणी रे ही?"

"मी."

"ऐकलंत? फसवणारा कोण ते त्याच्याच तोंडून ऐकलंत."

कुणीतरी त्याची कॉलर धरली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "असेल पंप. पण पंप फिरवणारी शक्ती कुणाची?" वीज कंपनीची, असं नळ्या म्हणणार होता. तेवढ्यात ताई खुर्चीतून घसरली. लोक मागे सरले. हा पाण्याचा कोप, असं माइकवर जाहीर झालं. नळ्याने तिला एकट्याने उचलून खाली नेलं.

इस्पितळात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विष रक्तात भिनलं होतं. "आठवडाभर आधी तरी आणायचं," डॉक्टर म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर ताई हळूच म्हणाली, "तुला वाटतं मी त्या बाबाला भुलले. तू फोनवर फोटो दाखवला होतास ना त्या टाकीचा? इतकं चोख काम कधी जमलं नव्हतं, म्हणालास. तिथे गेले आणि टाकी ओळखली. म्हटलं, ही माझ्या भावाच्या हातची. यात लबाडी असायची नाही."

"मग तेव्हाच मला विचारायचं होतंस गं," नळ्या म्हणाला आणि ढसाढसा रडला. तिसऱ्या दिवशी ताई गेली. हॉलमध्ये नवीन पडदा लागला, रांग आता औषधाच्या दुकानाच्याही पुढे जाते.

लिहून रांग तुटत नाही, हे लिहिणाऱ्याला कळतं. तरी सांगतो. एखादी गोष्ट घटत नाही असं कुणी दाखवलं, तर ती भरते कुठून ते विचारा. जिवाभावाच्या माणसालाही विचारा. फार तर तो चिडेल. आणि उत्तर मिळेपर्यंत सुई चुकवू नका.