बगळ्याचं रक्त

बुदियासा इस्पितळातून परत आला तेव्हा त्याला एकही शब्द येत नव्हता. सहा वर्षांचं पोर, तापाआधी दिवसभर नुसती टकळी चालायची त्याची. मेंदूज्वराने सगळं पुसून टाकलं. इस्पितळातल्या डॉक्टर म्हणाल्या, "एकट्या आईने बोलून भागणार नाही. पोरांमध्ये सोडा त्याला, त्यांचं ऐकून हा बोलेल. पण लवकर. वर्ष गेलं तर मग अवघड आहे."

पोरं आणू कुठून? शेजारच्या सुआर्नीने आमच्या दोन अंगणांमधली वाट त्याच दिवशी बांबू लावून बंद केली. तिचा विर्या आणि माझा बुदियासा एका पानात जेवलेले.

"राग मानू नकोस हं म्बोक," मला ताई मानणारी ती पलीकडून म्हणाली. "लागट असतं गं ते. माझा एकुलता एक आहे."

"माझे काय टोपलीभर आहेत?" मी म्हटलं.

बालीतल्या आमच्या गावावर बगळ्यांची मेहेरनजर. संध्याकाळी थव्यांनी येतात आणि रस्त्याकडेची झाडं पांढरी करून टाकतात. पासष्ट साली कम्युनिस्ट ठरवून इथली माणसं मारून ओढ्याकाठी पुरली, त्यानंतर हे आले, म्हणून हे आमचे मेलेले. त्यांना कोणी हुसकत नाही. घरट्यातून पिल्लू पडलं तर पांढऱ्या कापडात गुंडाळायचं, फुलं वाहायची आणि पुरायचं. झाडांखाली आमची डुकरं, त्यापलीकडे पाण्याने भरलेली भातखाचरं. डासांची तर चंगळच.

देनपासारहून पशुवैद्य आल्या, डॉक्टर पारमिता. माझ्याच ओसरीवर बसून त्यांनी समजावलं. "हा विषाणू बगळ्यांच्या रक्तात असतो. डास बगळ्याला चावतो, मग डुकराला. डुकरात तो वाढतो, आणि तिथून डासाबरोबर पोरात येतो. पोरात आला की संपला, पुढे जात नाही. तुमच्या मुलापासून कोणाला काही होणार नाही, बाई."

"हे गावच्या सभेत सांगाल?"

"सांगेन. पण ते म्हणतील, आमच्या बगळ्यांत नाही. आणि इथे पक्ष्याला सुई लावू देत नाहीत."

"मी लावू देते," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात आमच्या डुकरांच्या खोपटात एक पिल्लू पडलं. मान टाकलेली, पण जिवंत. मी पंख धरले आणि डॉक्टरांनी रक्त काढलं. माझ्या नवऱ्याचे आजोबा पासष्ट सालीच गेले. ते पिल्लू म्हणजे तेच असतील, तर पणतवासाठी थेंबभर रक्त द्यायला त्यांची काय हरकत असणार होती? नंतर ते मेलं. मी रीतसर फुलं वाहून पुरलं.

तपासणीचा निकाल आला आणि सभा भरली. नवरा जहाजावर स्वयंपाकी, म्हणून त्याच्या जागी मी बसले. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. इथल्याच बगळ्यात विषाणू सापडला, मुलाचा काही धोका नाही, त्याला खेळू द्या. मग गावचे म्होरके पेकाक रेगेग यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "पिल्लू कोणी धरलं होतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बिचारीला खोटं बोलायची सवय नव्हती.

"मी," मी म्हटलं.

"मग पोराला दुखणं का आलं ते कळलं आता सगळ्यांना."

"दुखणं आधी आलं, पेकाक. सुई मग लागली. उलटं कसं मोजता?"

मागे कोणीतरी हसलं. पेकाकांनी वळून पाहिल्यावर हसू थांबलं.

आमच्याकडे वाळीत टाकतात तेव्हा मारहाण करत नाहीत, घर जाळत नाहीत. आम्ही सभ्य माणसं. त्या घराशी कोणी बोलायचं नाही, एवढंच. बोलेल त्याला दंड. सभा आपला शब्द मागे घेईपर्यंत.

डॉक्टरांचं बोलणं मात्र वाया गेलं नाही. पंधरवड्यात लशीची गाडी आली आणि अख्ख्या गावाने रांग लावली. पेकाकांची नातवंडं सगळ्यांच्या पुढे. म्हणजे बगळ्यांत विषाणू आहे हे सगळ्यांना पटलं होतं. माझ्यावरचा राग मी खरी निघाले याचाच होता. सुआर्नीनेही विर्याला टोचून आणलं. बांबू तसेच राहिले.

मी रोज बुदियासाला घेऊन फाटकात बसायचे. घसा सुकेपर्यंत बोलायचे, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. एकदा पोरं शाळेतून येत होती, विर्या सगळ्यांत मागे. बुदियासाचे ओठ हलले.

"वि..." तो म्हणाला. "विर्या!"

इतक्या महिन्यांतला पहिला शब्द. मला नाचावंसं वाटलं.

विर्या थांबला. त्याचं तोंड हसून उघडलंच होतं, तेवढ्यात सुआर्नी धावत आली आणि तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. तिचे डोळे भरले होते, मी पाहिले. पण हात तिने काढला नाही. तसंच त्याला ओढत घरात नेलं.

बुदियासा रिकाम्या रस्त्याला हाका मारत राहिला. दुसऱ्या दिवशीही त्याने मारल्या, विर्या मान खाली घालून निघून गेला. पुढे पुढे कमी झाल्या. आता मारत नाही.