सुईखालची बाही

मित्रांनो, मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. बेंगळूरला चामराजपेटेत गुरुराज मास्तरांच्या घरी खिडकीशी माझी जागा. माझं बिडाचं अंग कुठल्या कारखान्यात ओतलं ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते चिक्कपेटेतल्या दुकानापासूनचं. एकोणीसशे पन्नास साली मास्तरांनी मला तिथून हातगाडीवर घालून घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, अहल्याक्कानं, माझ्या चाकाला हळदकुंकू लावलं आणि पहिला सदरा मास्तरांचाच शिवला. त्याची कॉलर वाकडी झाली. मास्तर तोच घालून शाळेत शिकवायला गेले.

सात वर्षं मी भरपूर काम केलं. गल्लीतली झबली, परकर, उशांचे अभ्रे माझ्यावरच शिवले गेले. शेजारच्या लहानग्या वसुमतीला अक्कानं माझ्यावरच सरळ टीप मारायला शिकवलं. मला वेळेवर तेल मिळे. हिचा आवाजसुद्धा येत नाही, असं बायका म्हणत, आणि मला बरं वाटे.

मग एका आषाढात अक्का तापानं पडली. मास्तरांच्या नव्या सदऱ्याची दुसरी बाही तेव्हा माझ्या सुईखाली होती, अर्धी जोडलेली. आठव्या दिवशी अक्का गेली. मास्तरांनी माझ्यावर चादर टाकली आणि कुणाला हात लावू दिला नाही. बाही तशीच राहिली. पावसात कापडानं ओल धरली, ती माझ्या सुईत उतरली. मी सांगणार कुणाला?

त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाटक मास्तरांकडे आलं. एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून त्यांनी ते कन्नडमध्ये लिहिलं. एक जमीनदार मेलेल्या बायकोची खोली कुलपात ठेवतो, आणि त्याच्या नव्या बायकोला त्या खोलीतून पावलं ऐकू येतात. शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून तालमी आमच्या घरी होत. वसुमती आता मॅट्रिकच्या वर्गात होती, ती झाली होती नवी बायको. जमीनदार झालेला नंदकिशोर तिला खोलीची किल्ली नाकारताना दर वेळी हसायचा. मास्तर त्याला सांगत, हसू नको, त्या माणसाला ती किल्ली खरंच देववत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदले.

नाटकाला चार दिवस उरले, तरी भुताचा काळा झगा शिवायचाच होता. यल्लाप्पा शिंप्यानं कापड परत पाठवलं. त्याच्या मशिनीवर लग्नाची पोलकी चालली होती. नवरीच्या कापडामागून भुताचं कापड नको, असं त्याचं म्हणणं. तेव्हा वसुमतीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती बिघडलीय," मास्तर म्हणाले.

मी बिघडले नव्हते. मला ते फार लागलं.

वसुमतीनं चादर उचलून वाकून पाहिलं. "बिघडली नाही, सर. सुई गंजलीय. आणखी स्वल्प दिवस अशीच ठेवलीत, तर बाही निघताना फाटेल."

"तुला कुणी हात लावायला सांगितलं?"

मास्तर कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. नंदकिशोर चपला शोधू लागला. मुलं निघून गेली.

मग मास्तर माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी बाही ओढून पाहिली, ती हलली नाही. जरा जोरानं ओढली तेव्हा कापड चरचरलं, आणि त्यांनी झटकन हात मागे घेतला. इतके महिने जपलेली वस्तू जपण्यानंच खराब झाली होती, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

सकाळी त्यांनी वसुमतीला बोलावलं. नुसती तेलाची कुपी तिच्यापुढे केली. तिनं माझ्या सांध्यांत थेंब सोडले, थोडी थांबली, मग चाक हातानं किंचित मागेपुढे करू लागली. सुई करकरली. मला दुखलं. पण ती वर आली. बाहीवर तांबडा डाग आणि एक भोक पडलं होतं, बाकी ती धड होती. मात्र अक्काचा दोरा अजून तिला माझ्याशी धरून होता.

वसुमतीनं कात्री उचलली. "सर, तोडू?"

बाहेरून भाजीवाली ओरडत गेली.

"मला दे," ते म्हणाले, आणि दोरा त्यांनी स्वतः कापला.

तो सदरा आजही अर्धाच आहे. वसुमती पुरा करून देते म्हणाली, पण मास्तरांना ते जमलं नाही. झगा मात्र झाला. ऐन नाटकात तो खांद्यावर उसवला आणि भूत एका हातानं खांदा धरून फिरलं, असं मी ऐकलं. दोष माझा. माझे टाके ढिले पडत होते. दुसऱ्या दिवशी मास्तर माझे स्क्रू पिळत बसले.

मित्रांनो, तुमच्याही घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू झाकून ठेवलेली असेल. वापरली तर मोडेल, अशी मोठ्यांना भीती वाटते. पण झाकूनही ती मोडतेच, फक्त ते दिसत नाही. तेव्हा तिच्यावरची चादर काढा. काढताना घरात कुणाला तरी दुखेल, तो ओरडेलही. त्याच्यावर रागावू नका. त्याच्याजवळ बसा, आणि कात्री त्याच्या हातात द्या.