खरांगण्याचा अर्धा तास

बाबांनी अठ्ठ्याऐंशी साली घेतलेली गाडी मे महिन्यात आर्वीला जाताना खरांगण्याच्या अलीकडे, एका कडुनिंबापाशी बंद पडायची. न चुकता. उन्हानं नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाच्या तोंडी नुसती हवा यायची आणि प्रेशर बसायचं. मग बाबा बॉनेट उघडून आपला खांद्यावरचा दुपट्टा ओला करायचे, पंपावर गुंडाळायचे, आणि आम्ही झाडाखाली अर्धा तास बसायचो.

बाबा कचेरीत कारकून होते आणि घरीही कचेरीसारखं कामापुरतंच बोलायचे. त्या अर्ध्या तासात मात्र त्यांना दुसरं काही कामच नसे. ताईचं लग्न, माझं सायन्स सोडून मराठी घेणं, टीव्ही आणावा की नाही, सगळे ठराव त्या झाडाखाली पास झाले. बोरगाव मेघेच्या घरात आम्ही कधी काही ठरवल्याचं मला आठवत नाही.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. यंदा मी गाडी पिपरी मेघेच्या प्रफुल्ल मिस्त्रीकडे टाकली. त्यानं जुना पंप काढून मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला, आणि पुढे एक रेग्युलेटर, त्याचा काटा डॅशबोर्डवर.

"हा पंप नव्या गाड्यायचा हाये, भाऊ. याचं पूरं प्रेशर तुमच्या कार्बोरेटरले देलं तर थो ओकते. म्हून हे लावलं. काटा तीनवर राह्यला पाहिजे. आता गाडी चंद्रावर न्या."

"आर्वीपर्यंत पुरे," मी म्हणालो.

रविवारी माय आणि मी निघालो. माझी गडचिरोलीला बदली झाली होती आणि मायनं घर सोडून माझ्यासोबत यावं, एवढंच मला सांगायचं होतं. महिनाभर घरात ते जमलं नव्हतं. आर्वीच्या आनंदामावशीला मात्र बातमी लागली होती. म्हणजे तिच्या दाराशी पोचायच्या आत बोलणं भाग होतं.

गाडी उत्तम चालली होती. काटा तीनवर. मी उन्हाबद्दल बोललो. थोड्या वेळानं पुन्हा उन्हाबद्दल बोललो. कडुनिंब आला आणि मागे पडू लागला.

"थांबव," माय म्हणाली. "पंप तापला."

"नवा हाये, माय. थो नाई तापत."

"मी तुले इचारून नाई राह्यली."

मी गाडी मागे घेतली. मायनं पिशवीतून बाबांचा दुपट्टा काढला, कॅनमधल्या पाण्यात भिजवला आणि बॉनेटवर पसरला, कारण खाली गुंडाळायला पंपच नव्हता. मग सावलीत जाऊन बसली.

"अर्धा घंटा लागते थंडा व्हाले. बोल."

मी बोललो. मध्येच दुपट्टा वाळला, तेव्हा तिनं उठून तो पुन्हा भिजवला.

"तुया आनंदामावशीनं मले परवाच सांगतलं," ती म्हणाली. "म्हटलं, पाहू पोरगा कवा तोंड उघडते."

"मंग येशील?"

"किती दूर हाये गडचिरोली?"

"दोनशे किलोमीटरच्या वर."

"येतो. पण प्रफुल्लले म्हण, पह्यले थो जुना पंप बसव."

"थो आता कुठं भेटते, माय?"

तिनं हातानंच डिकी दाखवली. पाण्याच्या दुसऱ्या कॅनमागे पंप होता, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला. प्रफुल्लकडून तिनं तो केव्हा मागून आणला, हे विचारायला अजून वीस मिनिटं होती.