चार गिअर उलटे, एक सुलट

शर्यतीची ती जुनी गाडी दंतवैद्याच्या दारात आली तेव्हा तिच्यात सात कोंबड्या होत्या, आणि एकही उतरायला तयार नव्हती. साठ वर्षांपूर्वीची, एकाच माणसाच्या बसण्याची, पडवळासारखी लांबुळकी गाडी. दंतवैद्याच्या मावसभावाकडे ती बरीच वर्षं खुराडं म्हणून नांदत होती. "गाडी तुला," मावसभाव म्हणाला होता, "कोंबड्या मात्र परत पाठव."

दंतवैद्याने घरच्यांना अंगणात बोलावलं. "ही आपण चौघांनी मिळून उभी करायची. हल्ली आपण एकमेकांशी बोलतो ते फक्त रिमोट सापडत नसला की."

कुणी नाही म्हणालं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. बायको शाळेत भूगोल शिकवायची. तिने पत्र्याचं काम घेतलं आणि आधी सगळ्या गंजाचा नकाशा काढला, बेटं आणि उपसागरांसकट. मुलगी लिफ्ट दुरुस्त करायची, म्हणून इंजिन तिच्याकडे. सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेला. त्या वायरिंगला बसल्या. राहिले गिअर. "दातांचं काम आहे," सगळ्यांनी एकमताने ठरवलं, "तुम्हीच करा."

दंतवैद्याने जीव ओतला. प्रत्येक दातेरी चाक त्याने ब्रशने घासलं, दात मोजले, आरसा घालून फटी तपासल्या. मागच्या आसातलं मोठं दातेरी चाक तर त्याने दवाखान्यात नेऊन खुर्चीवर ठेवलं, दिव्याखाली. बाहेर बसलेला पेशंट आत डोकावला आणि मुकाट्याने घरी गेला.

आठ महिन्यांनी गाडी तयार झाली. पण आत बसणार कोण? सीट कुणा काटकुळ्या शर्यतपटूच्या मापाची. दंतवैद्य बसला तो अडकलाच. त्याला साबण लावून काढावं लागलं. मुलीचे गुडघे कानाला टेकले. बायकोने प्रयत्नच केला नाही. "स्वतःच्या अंगणात मी शोभा करून घेणार नाही," ती म्हणाली. शेवटी चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई पाकिटात पत्र सरकावं तशा अलगद आत गेल्या.

"जावईबापू, आता काय दाबू?"

त्याने सांगितलं. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी झर्रकन मागे जाऊन कुंपणात घुसली. दुसरा टाकला, तरी मागेच. तिसरा, चौथा, तेच. रिव्हर्स टाकल्यावर मात्र गाडी शहाण्यासारखी पुढे आली.

मुलीने गाडीखाली जाऊन पाहिलं आणि ती बराच वेळ बाहेरच आली नाही; आतून फक्त हसणं ऐकू येत होतं. "बाबा, तुम्ही मोठं चाक उलट्या बाजूने बसवलंय. वरची कवळी खाली लावल्यासारखं."

दंतवैद्याचा चेहरा पडला. तीस वर्षांत त्याने कुणाचा चुकीचा दात काढला नव्हता. गाडी जिथे न्यायची तो जुन्या गाड्यांचा मेळावा रविवारी, आणि चाक काढून पुन्हा बसवायचं म्हणजे महिना गेला.

"उलटी तर उलटी," सासूबाई म्हणाल्या. "दोन मोठे आरसे लावा. एक्स्चेंजमध्ये मी पाठीमागच्या बाईशी न वळता भांडायची."

मेळाव्यात सगळ्या गाड्यांनी रांगेने मैदानाला एक फेरी मारायची होती, आणि त्यावरून परीक्षक बक्षिसं देणार होते. सासूबाई पाठमोऱ्या निघाल्या, आणि फेरीभर त्यांचं तोंड मागून येणाऱ्या हिरव्या गाडीकडे राहिलं. त्या गाडीत एक निवृत्त न्यायाधीश. समोर चार हातांवर एक बाई आपल्याकडेच बघत उलटी जातेय म्हटल्यावर त्यांनी आधी नजर चुकवली. मग मान लववली. सासूबाईंनीही लववली. तेवढ्यात त्यांचा हात वर गेला.

"अहो, थांबा! तुमचं डावं चाक लटपटतंय!"

न्यायाधीशांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, चाक मात्र निघून स्वतंत्रपणे लोळत गेलं आणि परीक्षकांच्या टेबलाखाली जाऊन निजलं. लोक धावले. न्यायाधीश खाली उतरले, टोपी काढून म्हणाले, "बाई, सगळे पुढे बघत होते. तुम्ही एकट्याच माझ्याकडे बघत होतात."

परीक्षकांनी नियमावली उलटीपालटी करून पाहिली. गाडीचं तोंड कुठल्या दिशेला असावं, हे त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. सासूबाईंना दुसरं बक्षीस मिळालं.

दंतवैद्याला तरी चैन पडेना. रोज दवाखाना सुटल्यावर खपून त्याने महिन्याभरात ते मोठं दातेरी चाक सुलट बसवलं. आता गाडी सरळ, झोकात पुढे धावू लागली. सासूबाईंनी एक चक्कर मारली आणि उतरल्या.

"काय झालं, आई?" दंतवैद्याने विचारलं.

"चांगली आहे हो. पण नुसता रस्ता दिसतो. माणसं सगळी पाठीमागे राहतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारावर पाटी लागली: डॉक्टर आठवडाभर नाहीत. अंगणात गाडीखालून त्याचे दोन पाय बाहेर आलेले होते. बायको बॅटरी धरून बसली होती, मुलगी पाने हातात देत होती. चुकून उलटं बसवायला त्याला एक दुपार लागली होती. मुद्दाम बसवायला पुरे सहा दिवस लागले.