उलटा मंत्र

माझ्या बाबांनी एका सिनेमाचं संगीत सिंथेसायझरवर केलं होतं. सिनेमा आपटला आणि संगीत डब्यातच राहिलं. पुढे निर्मात्याने ती टेप परस्पर उचलली आणि स्वतःच्या नावावर मोजक्या रेकॉर्ड काढल्या. त्या ऐकून बाबा पोट धरून हसले. टेप वाजवून झाली की ते परत गुंडाळत नसत, शेवटचं टोक बाहेरच ठेवत. या शहाण्याने ती तशीच लावली होती, म्हणजे सगळं संगीत उलटं.

"बोलू नकोस," बाबा मला म्हणाले, "आधी त्याला मोठा होऊ दे."

तो मोठा झाला. बाबा गेले. आज त्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीच्या समारंभात तो छाती काढून सांगत होता, "रेकॉर्डच्या शेवटचा तो गूढ मंत्र मला स्वप्नात सुचला." मग 'आमच्या वादकाची मुलगी' म्हणून त्याने मला वर बोलावलं.

मी म्हटलं, "काका, तुमचा मंत्र जरा ऐकवते." मंचावरच्या रेकॉर्ड प्लेअरवर शेवटाला सुई टेकवली आणि बोटाने रेकॉर्ड उलटी फिरवली.

हॉलभर बाबांचा आवाज घुमला, टेपच्या सुरुवातीलाच त्यांनी नोंदवून ठेवलेला. आधी सिनेमाचं नाव, मग "संगीतकार", आणि मग त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव.

काकांनी माईक खाली ठेवला. मी रेकॉर्ड पुन्हा फिरवली.