दुसरी रेघ

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे आणि स्वभावाने फार भित्रा आहे. गोल चेहरा, त्यावर किलोचे आकडे, पोटात स्प्रिंग आणि खाली एक हूक. मुलांजे नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्यांपलीकडे एक गाव आहे. तिथे महिन्यातून एकदा मला आंब्याच्या फांदीला टांगतात. आया बाळांना घरी शिवलेल्या कापडी चड्डीत घालून माझ्या हुकाला अडकवतात. बाळं बोंबलतात, आया टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. मी मात्र काटा बरोबर थांबेल ना, या धास्तीत असतो.

ही भीती मला जन्मापासूनची. दूरदेशीच्या कारखान्यात माझ्या स्प्रिंगला वजनं लावून लावून तपासलं, तेव्हाच मनात शिरलं, की आपण चुकलो तर? या गावात आल्यावर मला बाम्बो कापेसी यांच्या हवाली केलं. ते गावाचे आरोग्यसेवक; बाम्बो म्हणजे आमच्याकडे आदराने 'बाबा'. अठरा वर्षं त्यांनी मला सायकलीला बांधून हिंडवलं. टांगल्यावर आधी ते साखरेच्या दोन पिशव्या माझ्या हुकाला लावत. काटा बरोबर दोन किलोवर थांबला की म्हणत, "अजून शहाणा आहेस." एवढ्या कौतुकावर माझा दिवस निघायचा. एकदा जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या मोठ्या बाईंनीही माझ्या पाठीवर थाप मारली होती, पण ते सांगत बसलो तर आपलेच गोडवे गायल्यासारखं होईल.

मला सांगायचं आहे ते लिम्बानीबद्दल. त्याची आई एलुबे हिच्या रक्तात एचआयव्ही होता. ती रोज गोळी घेत असे, एकही दिवस चुकवत नसे. बाळ सहा आठवड्यांचं झालं तेव्हा त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेऊन शहरात पाठवले. तो कागद तपासून थेट विषाणूच शोधतात. पण निकाल मोटरसायकलवरून येतो. रस्ता वाहून गेला, गाडी बंद पडली, की तीन तीन महिने काही कळत नाही. लिम्बानी चार महिन्यांचा झाला, गुटगुटीत झाला, माझा काटा सहा किलोवर नेऊ लागला, तरी कागदाचा पत्ता नव्हता.

त्या सुमारास बाजारपेठेत एचआयव्ही तपासणीचा एक पांढरा तंबू लागला. घरातल्या सगळ्यांनी या, बोटातून रक्त द्या, वीस मिनिटांत निकाल घ्या. एलुबेची आई, म्हणजे बाळाची आगोगो, मोठी टापटिपीची बाई. सगळे म्हणजे सगळे, असं म्हणून तिने पाठीवरच्या लिम्बानीलाही रांगेतून पुढे नेलं. तपासणारी बाई कामाला नवीन होती. तिने मोठ्या माणसांची पट्टी बाळाच्या रक्ताला लावली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दोन रेघा म्हणजे आजार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

पुढचं मी झाडाखाली बायकांच्या कुजबुजीतून ऐकलं. आगोगोने लेकीला सांगितलं, तुझ्या दुधानेच हे केलं, आता पुरे. बाळाला मक्याची पातळ पेज आणि चहा सुरू झाला. गोळ्यांचा काही उपयोगच झाला नाही, असं समजून एलुबेने गोळ्यांची बाटली शौचकूपात टाकून दिली. आणि आगोगोने पेटीतून एक पांढरं कापड काढून बाजूला ठेवलं. एवढ्या लहान बाळांना आमच्याकडे म्हाताऱ्या बायकाच गुंडाळून पुरतात.

पुढच्या महिन्यात एलुबे आली ती सगळ्यात शेवटी, बाकीच्या आया पांगल्यावर. लिम्बानी रडलासुद्धा नाही. काटा पाच किलो दोनशेवर थांबला. मित्रांनो, मी देवाची करुणा भाकली, की मीच बिघडलेलो असू दे, माझी स्प्रिंग गंजलेली असू दे. बाम्बो कापेसींनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी बाळाला उतरवून साखरेच्या पिशव्या लावल्या. बरोबर दोन किलो.

त्यांनी एलुबेला आंब्याच्या मुळावर बसवलं आणि काय झालं ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. आगोगो मागे उभी होती.

"आगोगो, ती दुसरी रेघ बाळाची नव्हतीच," ते म्हणाले. "ती हिची होती."

"रक्त बाळाचं, आणि रेघ हिची? मला म्हातारीला काहीही सांगता होय?"

"लेकीला सासरी पाठवताना हातात शिदोरी देतो की नाही आपण? तशी आई पोटातल्या बाळाला देते. तिच्या रक्तात प्रतिपिंडं असतात, रोगांशी लढून तयार झालेली. ती बाळात उतरतात. त्यात या आजाराचीही असतात. तुमची पट्टी शिदोरी ओळखते, आजार नाही ओळखत. दीड वर्ष ती असंच सांगेल."

मग बाम्बो हळू आवाजात पुढे म्हणाले, की अशा आयांची शिदोरी मुळात तोकडी असते. गोवराला, न्यूमोनियाला पुरत नाही, म्हणून या बाळांना दूधही जास्त हवं आणि लसही लवकर हवी. "आणि तुम्ही नेमकं दूधच तोडलंत."

तेव्हा एलुबे बोलली. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"मी लपून पाजत होते. पाणी भरायला जाताना. त्याला भूक लागायची, बाम्बो."

बाम्बो कापेसींनी डोक्यावरची टोपी काढली. मला आधी कळलं नाही, मग कळलं. गोळी चालू असताना ते दूध बाळाला फारसं धोक्याचं नव्हतं. गोळी बंद झाल्यावर पाच आठवडे ती पाजत राहिली होती. खोट्या निकालाच्या भीतीने खऱ्या आजाराला दार उघडून दिलं होतं.

त्यांनी दोघांना सायकलीवर बसवून दवाखान्यात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, बाळालाही औषध सुरू झालं, आणि नर्सने पाजणं सोडू नको म्हणून बजावलं. तिथेच एका खोक्यात पहिल्या कागदाचा निकाल सापडला. बाळ निरोगी होतं. पण तो निकाल आता जुना झाला होता. नवा कागद पाठवावा लागला.

त्या दिवसांत दर आठवड्याला मला एलुबेच्या अंगणात टांगत. काटा शंभर ग्रॅम वर चढला तरी मला आनंद होत नसे. वजन सांगता येतं मला, रक्तातलं काही सांगता येत नाही, आणि एलुबे माझ्याकडे अशी बघायची, जणू मला माहीत आहे आणि मी लपवतो आहे. आगोगोने पेज बंद केली होती. ती लेकीच्या ताटात मासे वाढायची आणि स्वतः नुसता न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खायची. सहा महिने भरले त्या दिवशी गोवराची जादा लस टोचायला बाळाला तिनेच धरलं.

कागद आला सातव्या आठवड्यात. बाम्बो कापेसी सायकलीवरून उतरलेच ओरडत, "नाही! आजार नाही!" आगोगो अंगणात खाली बसली. पुढच्या खेपेला लिम्बानी नव्या चड्डीत आला. पांढऱ्या कापडाची होती. आगोगोने बाजूला ठेवलेलंच ते कापड, हे मी ओळखलं, आणि माझ्या हुकाला ते जड झालं.

लिम्बानी दोन वर्षांचा झाल्यावर शेवटची तपासणी झाली. तीच बोटातल्या रक्ताची पट्टी, कारण आता ती खरं सांगणार होती. माझ्याखालीच सगळे बसले होते. एक रेघ आली. वाट बघितली. दुसरी आलीच नाही.

बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. एलुबे मात्र पट्टीकडे बघत राहिली.

"म्हणजे मी दिलेली शिदोरी सगळी संपली?"

"संपली," बाम्बो कापेसी म्हणाले. "हवी होती तोवर पुरली."

आता नवे काटे आले आहेत, आकडे उजळून दाखवणारे. मी भिंतीवरच्या खिळ्याला असतो. मित्रांनो, या भित्र्याचं एवढं ऐका. बाळांना वेळेवर वजनाला आणा, लसीला आणा. आणि कुठल्याही पट्टीवर कितीही रेघा उमटू देत, जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय कुणाच्या लेकराचं दूध तोडू नका. आईजवळ द्यायला थोडंच असतं, आणि तेही ती लपून देत असते.